विनाथांबाच्या फेऱ्या

रोज सकाळी मी कामावर निघालो की माझं निघणं पुकारलं जायचं. जिंतूरला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, ते मालक अंगणातल्या सिमेंटच्या बाकावर बसलेले असायचे. मी मोटारसायकल बाहेर काढली की ते रिकामा स्टीलचा ग्लास तोंडाला लावायचे, आवाज घुमावा म्हणून, आणि एकदम पुस्तकी भाषेत सुरू व्हायचे, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. जनावरांच्या दवाखान्याकडे जाणारे डॉक्टर फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहेत. डबा राहिला असल्यास आताच घ्यावा. नंतर तक्रार चालणार नाही." मग ग्लास खाली ठेवून आपल्या नेहमीच्या बोलीत विचारायचे, "डबा घेतलाव का खरंच? काल इसरला होताव."

मी काही डॉक्टर नाही. दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो, सुया देतो, जखमा धुतो, गोऱ्हे खच्ची करतो. पण गावात जनावराला हात लावणारा प्रत्येक जण डॉक्टरच असतो. घरमालकांनाही कुणी नावानं हाक मारत नसे. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणायची. उभी नोकरी एसटी स्टँडवर गेली, माईकसमोर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माईक सुटला आणि पुकारणं राहिलं.

अंगणाचे त्यांनी फलाट पाडले होते. लिंबाखाली फलाट एक, आमच्या दारासमोर दोन, त्यांच्या ओसरीपुढं तीन. मागच्या बाजूचा संडास म्हणजे विनंती थांबा. दूधवाल्याला उशीर झाला तर "दूध गाडी उशिराने धावत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," असं तो कोपऱ्यावर दिसताच चालू व्हायचं आणि तो बिचारा सायकलवर ओशाळायचा. माझी बायको नवीन लग्न होऊन आली होती. पहिल्या दिवशी ती हंडा घेऊन नळावर निघाली आणि मागून तिची गाडी पुकारली गेली, तेव्हा ती हंडा टाकून घरात पळाली होती. "असं कुठं असतंय का?" म्हणाली. पुढं पुढं तीच थांबायला लागली. त्यांच्या तोंडून आपलं नाव गाव निघाल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

एकदा मी त्यांना विचारलं, "कंट्रोलर साहेब, हे कामून? लोक हसतेत."

"हसू द्या की. हसत जायलेत ना, रडत तर न्हाई." मग लिंबाकडं बघत, "आमची मंडळी सकाळी भाकरी करता करता गेली. मी ड्युटीवर. त्या दिवशी समद्या गाड्या पुकारल्या मी, देवगाव फाटा, मंठा, जालना... एक न्हाई चुकली. तिची तेवढी न पुकारता सुटली. न पुकारता सुटली त्या गाडीचं कुणाला इचारायचं, डॉक्टर? चौकशीच्या खिडकीतबी कुणी बसलेलं नसतंय."

परत मी तो विषय काढला नाही.

आता सशाचं सांगतो. सांगायचं तेच आहे, बाकी सगळं मी इतकी वर्षं लोकांना हसत हसत सांगत आलोय.

संभाजीनगरहून आलेल्या एका गाडीत सीटखाली भोकं पाडलेला खोका सापडला. खोक्यात पांढरा ससा, कानाची टोकं तेवढी राखाडी. मालक काही आला नाही. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं खोका कंट्रोलरांच्या ओसरीवर आणून ठेवला. तिथून पुढं कितीतरी दिवस हे गृहस्थ संध्याकाळी अंगणात उभे राहून पुकारायचे, "खोक्यातील ससा ज्या प्रवाशांचा असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावे." ऐकायला मी, माझी बायको आणि लिंबावरचे कावळे. शेवटी एक दिवस त्यांनीच जाहीर केलं की सामान बेवारस आहे आणि कंट्रोलर ते आपल्या जिम्मेदारीवर ठेवून घेत आहेत. खोका मोडून चुलीत घातला. "आता ह्याला पेटीत घालायचा न्हाई कधी. बंद पेटीत कसं आला आसंल ओ लेकरू."

ससा मोठा झाला आणि त्याला मिजास आली. नर होता. कंट्रोलर बाकावर बसले की तो त्यांच्या पायांभोवती गोल गोल पळायचा, पोटातून भुंग्यासारखा घुमायचा, थांबायचाच नाही. म्हणून त्याचं नाव विनाथांबा. कंट्रोलर पाय जुळवून अंग आकसून बसायचे, फेरीत अडथळा नको म्हणून. चेहरा असा फुललेला, की पोरीच्या लग्नातही तसा नसावा. "बघा, बघा डॉक्टर, फेऱ्या मारायलाय! देवाला सुदिक एवढ्या फेऱ्या कोण मारतंय? आं? मुक्या जनावराचा जीव लागला म्हंजी बघा."

मला माहीत होतं ते काय आहे. वयात आलेला नर ससा मादीभोवती तसा फिरतो, तसा घुमतो. मादी नसली तर माणसाचा पाय, चप्पल, केरसुणी, काहीही चालतं. त्याच्या अंगातलं रक्त त्याला फिरवत होतं. मी काही बोललो नाही. मी एकूण कमीच बोलतो, त्याचं लोक कौतुक करतात. न बोलण्यात किती घाण लपवता येते ते त्यांना ठाऊक नसतं.

फेऱ्यांपुरतं असतं तर ठीक होतं. पण तो जागोजागी उलटा फिरून मुताची धार मारायचा, ही जागा माझी म्हणून. आमच्या गादीवर, पिठाच्या डब्यावर. माझ्या चपलेवर चढायचा. हटकलं की चावायचा. एका सकाळी त्यानं बायकोच्या देव्हाऱ्यावर धार मारली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे भिजले. बायकोला तेव्हा दिवस गेलेले होते. ती पदर खोचून अंगणात आली.

"कंट्रोलर काका, ह्याला आवरा न्हाई तर मी माहेरी जाते बघा!"

"अगं माय, देवाच्या पाया पडाय गेला आसंल."

"पाया पडताना कुणी मुततंय का?"

ते हसले. मग मी, जरा धीर करून, पहिल्यांदा बोललो. म्हणालो, "साहेब, ह्याला खच्ची करून घेऊ. बारीक काम असतंय. परभणीला माझ्या ओळखीचे डॉक्टर हायेत, ससे कुत्रे बघणारे. धार मारणं बंद होतंय, चावणं कमी होतंय, शांत होतो."

त्यांचं हसणं बंद झालं. "खच्ची बैलाला करतेत, नांगर वढायला. हा माझा काय नांगर वढणार हाय? मिजास हाय ती त्याची. मिजास काढली म्हंजी मागं काय ऱ्हातंय, कातडं? बिलकूल न्हाई. हा विषय बंद."

विषय बंद झाला. धार बंद झाली नाही. बायको रोज रात्री एकच वाक्य म्हणायची आणि मी रोज कूस बदलायचो.

इथं आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. मी राणीसावरगावचा, मेंढरांच्या घरातला. आमच्याकडं मेंढा किंवा गोऱ्हा बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा असला की मालक समोर थांबत नाही. गोठ्यामागं जाऊन तंबाखू मळत बसतो. जनावरानं त्या वेळेला मालकाचं तोंड बघू नये, नाही तर ते मालकावर डूख धरतं, असं बाप म्हणायचा. नोकरीतही मी तेच पाहिलं. शेतकरी दावं माझ्या हातात देतो आणि पाठ फिरवतो. काम झालं की येतो, गुळाचा खडा घेऊन, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं. मालक समोर नसावा, हे माझ्या हाडात इतकं मुरलेलं होतं, की मालकाला विचारलेलं असावं लागतं ही त्याच्या आतली गोष्ट मी सोयीनं सांडून टाकली.

कंट्रोलरांचा उजवा डोळा मोतीबिंदूनं पांढरा झाला होता. परभणीला त्यांची मुलगी राहायची. तिनं हट्टानं त्यांना ऑपरेशनला नेलं. जाताना ते स्वतःची गाडी स्वतःच पुकारून गेले, "बोरी, झरी मार्गे परभणी." सशाला माझ्या बायकोच्या हवाली केलं. "सुनबाई, मेथी देत जा. कोबी नको, पोट फुगतंय त्याचं."

ते गेले, आणि आठवड्याच्या आत मी सशाला झाकणाच्या टोपलीत घातलं, टोपली मांडीवर घेतली आणि परभणीची एसटी धरली. बंद पेटीत पुन्हा घालायचं नाही असं त्या माणसानं ठरवलेलं मला वाटेत सारखं आठवत होतं. टोपली ही काही पेटी नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली.

डॉक्टरांनी टोपली उघडताच विचारलं, "उपाशी तर न्हाई ना ठेवला?"

"रात्रीपासून काही दिलं न्हाई."

"अरे शहाण्या, शेळी हाय का ही? सशाला उपाशी ठेवायचं नसतंय, आतडं बंद पडतंय त्याचं. मेथी आण जा आधी." आणि मग कपाटातून काही काढता काढता, सहज, "मालक तूच ना?"

"होय," मी म्हणालो.

बाकीच्या गोष्टींना नंतर फाटे फुटले, पण त्या एका 'होय'ला नाही. तो तसाच आहे.

दुपारी ससा तिथं गुंगीत पडलेला असताना मी कंट्रोलरांना भेटायला डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? परभणीत येऊन गेलो हे उद्या कळलं असतं. त्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. मुलगी मोसंबी सोलत होती. माझा आवाज ऐकताच ते उठून बसले.

"आलाव का डॉक्टर! विनाथांबा काय करायलाय?"

"झोपलाय," मी म्हणालो.

"दुपारचं झोपतोच तो." आणि उशीवर मान टाकून ते समाधानानं हसले. मुलीनं मला बाहेर आणून सांगितलं, "दादा, उजव्याचं चांगलं झालं. पण डॉक्टर म्हणायलेत डाव्यात काचबिंदू हाय. थेंब रोज टाकावं लागतेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी तपासायला यावंच लागतंय. काचबिंदूत गेलेली नजर परत येत न्हाई म्हणे. तुमी तिथं आहाव, जरा लक्ष ठेवा."

"ठेवतो ताई."

संध्याकाळच्या गाडीनं टोपली घेऊन परत आलो. ससा दुसऱ्या दिवशी मेथी खायला लागला. जखम बारीक होती. केस काढलेली जागा मात्र दिसत होती. कंट्रोलर परतले तेव्हा त्यांनी हात फिरवून विचारलंच, "हे काय?" मी म्हणालो, "जराशीक खरूज झाली होती, मलम लावलंय." त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. "लय केलंव तुमी."

लोकांना वाटतं खच्ची केलं की दुसऱ्या दिवशी जनावर बदलतं. तसं नसतं. अंगातलं पाणी ओसरायला काही आठवडे जातात. कंट्रोलर आले त्या संध्याकाळी ससा त्यांच्या पायाभोवती फिरला, पण एक दोन फेऱ्या आणि थांबला. "दवाईचा वास येत आसंल माझ्या अंगाला," ते म्हणाले. दोन वेळा आंघोळ केली. पुढच्या आठवड्यात अर्धी फेरी. घुमणं तर बंदच झालं. आमच्या घरातली धार थांबली, बायकोनं देव्हारा घासूनपुसून पुन्हा मांडला, आणि बाहेर बाकावर तो माणूस पाय जुळवून बसलेला असायचा, फेरीत अडथळा नको म्हणून. फेरी नसायची.

तेवढ्यात डोळ्याच्या तपासणीची पहिली तारीख आली. ते एका दिवसासाठी परभणीला जाऊन आले. आल्यावर बाकावर बसले, पाय जुळवले. विनाथांबा लिंबाखालून त्यांच्याकडं बघत बसला. त्या दिवशी तो एक पाऊलही फिरला नाही. फिरणार नव्हताच, त्याच्या अंगातून ते गेलं होतं. पण योग असा जुळला, की ते गावाला गेले आणि त्याच दिवशी शेवटची फेरी बंद पडली.

"डूख धरला ह्यानं," ते मला म्हणाले. "मी सोडून गेलो ना त्याला. पयल्यांदा गेलो तवाच रुसला व्हता, आता तर बघा. आधीच खोक्यात घालून कुणीतरी सोडलेलं लेकरू. त्याला वाटलं आसंल हाबी तसलाच." मग ठामपणे, "आता ह्याला सोडून म्या देवगाव फाट्यालाबी जायाचा न्हाई."

सांगायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जनावर हाय साहेब, होईल नीट."

त्यानंतर दोन वर्षं मी त्या माणसाला सगळं सांगितलं, ते एक वाक्य सोडून. काचबिंदूची भीती घातली. मुलीचे फोन आले की तिच्या बाजूनं बोललो. "सशाला सोबत न्या," म्हणालो. "पेटीत घालू परत?" ते म्हणाले. थेंबांची बाटली संपली, नवीन लिहून घ्यायला तपासणी करावी लागत होती, ती राहिली. मुलगी फोनवर रडायची, "दादा, तुमचं ऐकतेत ते, तुमी तरी समजावा." आणि मी फोन कानाला लावून अंगणात बघत उभा राहायचो.

बायकोनं पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, "सांगून टाका. काय खातेत का काय तुमाला?"

"सांगतो की."

"कवा? आंधळे झाल्यावर?"

तिला माहेरी जायची धमकी दिल्याचं वाईट वाटायचं. पण तिनं फक्त ससा आवरा म्हटलं होतं. चोरून करा असं ती म्हणाली नव्हती. मी मात्र मनातल्या मनात अर्धं पाप तिच्या पदरात बांधून ठेवलं होतं. तेही इथं सांगून टाकतो.

भीती कसली होती मला? ते घराबाहेर काढतील याची नव्हती. त्यांनी माझा हात दाबला होता, 'लय केलंव' म्हणाले होते, त्या हाताला खरं कळू नये असं वाटायचं. एवढंच. एवढ्यासाठी.

आणि ससा? सशाची मिजास काही गेली नव्हती. कोथिंबीर शिळी असली तर तो पाठ फिरवून बसायचाच, नवीन पिशवी आली की आधी तोंड घालायचाच. वेडं पळणं तेवढं थांबलं होतं. आणि ते थांबल्यावर तो एक वेगळीच गोष्ट करायला लागला. कंट्रोलर बाकावर बसले की तो सावकाश यायचा, त्यांच्या डाव्या पायाला अंग लावून पसरायचा, हनुवटी पावलावर टेकवायचा. कधी टाच चाटायचा. अंगणात माझे पाय होते, बायकोचे होते, रांगणाऱ्या आमच्या पोरीचे होते. तो दुसऱ्या कुणाजवळ गेला नाही.

कंट्रोलर पाय हळूच काढून घ्यायचे. "दमलाय बिचारा. म्हातारा व्हायलाय दुःखानं. पयली गंमत न्हाई ऱ्हायली." फलाटांवरचं पुकारणं चालू होतं, पण त्याला पुकारताना ते आता 'विनाथांबा' म्हणत नसत. "साधी गाडी," म्हणायचे.

एका रविवारी दुपारी मी दारात पोरीला खेळवत होतो. कंट्रोलर पाणी प्यायला बाकावरून उठले. ससा नेहमीसारखा डाव्या पायाशी होता. त्यांनी सरळ त्याच्या पंजावर पाय दिला.

ससा सहसा ओरडत नाही. ओरडला की लहान पोरासारखा ओरडतो. माझी पोरगी रडायला लागली. मी धावलो. कंट्रोलर जिथल्या तिथं उभे होते, हात पुढं धरून, आणि विचारत होते, "काय झालं? कुणाला लागलं?"

"तुमाला दिसला न्हाई?"

"डाव्या अंगाला अंधारच असतो आता," ते म्हणाले, फार साधेपणानं. "उजव्यानं भागतंय."

सशाचं बोट सुजलं होतं, मोडलं नव्हतं. मी औषधाची पेटी आणली, पंजा धुतला. कंट्रोलर बाकावर बसून ऐकत होते, कारण त्या बाजूनं त्यांना दिसत नव्हतं. म्हणाले, "आता तर माझ्या वाऱ्यालाबी उभा ऱ्हायचा न्हाई तो. बरोबरच हाय. सोडून बी गेलो, तुडवलंबी."

माझ्या हातात पट्टी होती. मी तिच्याकडं बघत सांगितलं. टोपली, एसटी, डॉक्टर, 'होय', खरूज. फेऱ्या का थांबल्या. रुसला नव्हता, डूख नव्हता, तुमच्या जाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. माझं सांगून झालं तरी पट्टी गुंडाळून झाली नव्हती.

त्यांनी उजव्या डोळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्या परभणीत डोळा बांधून पडलो व्हतो. तुमाला इचारलं, काय करायलाय. तुमी म्हणलाव झोपलाय."

"होय."

"झोपलाच व्हता म्हणा." ते हसल्यासारखं करून थांबले. "खोटं न्हाई बोललाव तुमी."

मला त्यांनी शिवी दिली असती तर मी ती आजपर्यंत जपून ठेवली असती.

"आन् डॉक्टर, त्या फेऱ्या? त्या कशाच्या व्हत्या मग?"

आता खोटं बोलायचं नव्हतं. "त्या अंगातल्या गरमीच्या असतेत. मादी नसली की कुणाच्याबी पायाभवती मारतो. माझ्या चपलेभवती बी मारायचा."

त्यांनी मान हलवली, दोन-तीन वेळा, जसं काही एखाद्या गाडीचा बदललेला मार्ग समजावून घेत आहेत.

"मग हे पायाला येऊन चिकटतंय, ते?"

"ते तुमच्यासाठी हाय," मी म्हणालो. "तसं दुसऱ्या कुणासाठी करत न्हाई तो."

मी पट्टी बांधलेला ससा खाली सोडला. तो लंगडत गेला, त्यांच्या डाव्या पायाशी, आणि पसरला. त्यांनी पाय काढून घेतला नाही. वाकून डाव्या बाजूला हात चाचपडत नेला, कान सापडला, आणि तो हात तिथंच राहिला. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी पोरीला उचलून घरात गेलो. पुन्हा एकदा पाठ फिरवली, दुसरं काय केलं.

दुसऱ्या दिवशी ते परभणीला गेले. ससा बायकोजवळ ठेवून गेले, माझ्याजवळ नाही. डाव्याचं काही उरलं नव्हतं. उजव्यातही सुरुवात झाली होती, पण थेंबांनी ती धरून ठेवता येईल असं डॉक्टर म्हणाले. मुलगी मला काही बोलली नाही. त्यांनी तिला सांगितलंच नसावं असं वाटतं. ती अजून दादाच म्हणते.

त्यांनी आम्हाला घर सोडायला सांगितलं नाही, चहाला हाक मारणं सोडलं नाही. पोरीला मांडीवर घेऊन तिची गाडी पुकारायचे. बायको नळावर निघाली की ग्लास तोंडाला लागायचा. मी निघालो की ग्लास बाकावर तसाच असायचा. एकदा तर, "फलाट क्रमांक दोनवरून लाल रंगाची मोटारसायकल सुटत आहे," एवढं पुकारून ते थांबले. तिच्यावर कोण बसलंय ते नाही सांगितलं. बायको आत तोंडाला पदर लावून उभी होती, मला कळेना हसतेय की काय करतेय.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगी त्यांना कायमचं न्यायला आली, गाडी घेऊन. घर आमच्याकडंच राहू दिलं. ट्रंक मीच उचलून डिकीत ठेवली. ते पुढच्या सीटवर बसले, ससा मांडीवर, मोकळा. पेटी नाही, टोपली नाही. त्यांनी काच खाली केली, ग्लास मागून घेतला आणि सुरू झाले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. बोरी, झरी मार्गे परभणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवरून सुटत आहे. गाडीत विनाथांबा आहेत." किती दिवसांनी ते नाव घेतलं होतं. "एक ट्रंक आहे. एक निवृत्त कंट्रोलर आहेत. मागे लिंब राहत आहे, त्याला पाणी घालावे. सुनबाई राहत आहेत. बाळ राहत आहे. देव्हारा राहत आहे." ते जरा थांबले. मी खिडकीपासून हातभर अंतरावर, त्यांच्या उजव्या बाजूला, दिसणाऱ्या डोळ्यासमोर उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंही. मग ग्लास माझ्या बायकोच्या हातात दिला आणि काच वर केली.

आता माझी बदली होऊनही वर्षं झाली. अजून गोऱ्हे खच्ची करतो. मालक दावं देऊन गोठ्यामागं जायला लागला की मी त्याला हाक मारून थांबवतो, इथंच उभा राहा म्हणतो. ते वैतागतात. आणि सकाळी गाडीला किक मारली की फाटकाशी जराशीक थांबतो. बायकोला ठाऊक आहे कशासाठी. तो ग्लास आमच्या मांडणीवर आहे, ती तो घासते, पाणी प्यायला कुणाला देत नाही. तिनं मनात आणलं तर ती पुकारू शकते.

ती आतूनच म्हणते, "निघा आता, उशीर होतोय," आणि मी निघतो.